ह्यांची हवा

“मग ती थांबवायची कशी, आक्का?”

“काय थांबवायचं?”

“हवा. चाकातली.”

आक्का तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होत्या. हात थांबला नाही.

नदीकाठच्या त्या लहानशा मठात आजवर कोणी मोक्षाचं विचारलं होतं, कोणी लेकीच्या लग्नाचं. चाकातल्या हवेचं कोणी विचारलं नव्हतं. पण हेमलता थट्टा करणाऱ्यांतली नव्हती. लग्नानंतरचं पहिलं व्रत आक्कांनीच तिला दिलं होतं, आणि तेव्हापासून तिने एकही व्रत अर्ध्यावर सोडलं नव्हतं. तसं ती चारचौघींत सांगायचीही. जरा मान ताठ करून.

“नीट सांग,” आक्का म्हणाल्या.

“दिवाळीआधीच्या शनिवारी ह्यांनी गाडीत हवा भरली. घरच्या पायपंपानेच भरायचे. दर शनिवारी मोजायचे, गाडी बाहेर काढायच्या आधी. त्या दिवशी भरली, हात धुतले, चहा मागितला...”

आक्कांचा खुडता हात थांबला.

“मी चहा गाळेपर्यंत गेले.”

पाण्यावरून टिटवी ओरडत गेली.

“सुतक फिटलं त्या दिवशी हातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला. या चाकांना दुसरी हवा लागू द्यायची नाही. कपडे वाटून टाकले, चष्मा कुणाला तरी दिला... ह्यांच्या हातचं तेवढंच राहिलंय माझ्याकडे.”

“आणि ते कमी होतंय.”

“रोज. गाडी सावलीत ठेवते. चाकांना हळदकुंकू लावते, शनिवारी लिंबू बांधते, देवाला पाण्यात ठेवलं. तरी जातेच आहे.”

“देवाला बुडवलंस ते बुडवलंस. हवेच्या तोंडाला टोपणं आहेत का, ते पाहिलंस?”

“पाहिलं. चारींना आहेत.”

एरवी हेमलता हसली असती.

“केतकीला सातवा लागलाय, आक्का. पहिल्या बाळंतपणाला तुला आपल्याच गाडीतून आणीन, असं ह्यांनी तिला लग्नातच कबूल केलं होतं. परवा तिला म्हटलं, मी येते न्यायला. गाडी चालवायला ह्यांनीच तर शिकवलंय मला. तर म्हणाली, असल्या बसक्या चाकांवर मी पोटातलं घेऊन बसणार नाही. आधी हवा भर, मग ये. नाहीतर येऊच नकोस, मी इथेच बाळंत होईन.” हेमलताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “म्हणाली, आई, तुला बाबांची हवा हवी की मी हवी, ते एकदा ठरव.”

“मग?”

“मग तुमच्याकडे आले.”

आक्कांनी मंजिऱ्यांची परडी बाजूला ठेवली.

“सोळा सोमवार केलेस. उद्यापन केलंस?”

“केलं. जोडपी जेवायला घातली.”

“मंगळागौरीचं?”

“तेही केलं. आईला वाण दिलं.”

“आणि या व्रताचं उद्यापन कधी धरलंयस?”

हेमलताने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

संकल्प सोडताना उद्यापन तिच्या मनात आलंच नव्हतं. एवढ्या व्रतांमध्ये अशी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती. दुसऱ्या कोणी केली असती तर तिनेच चार शब्द सुनावले असते.

मग एकाएकी ती उठली. “चला, अजून किती उरलीय ते दाखवते तुम्हाला. माझं व्रत तसं वाया जायचं नाही.”

गाडी चिंचेखाली उभी होती. हेमलताने पर्समधून नवऱ्याचा हवा मोजायचा गेज काढला, पेनासारखा. पुढच्या चाकाशी वाकली.

“सकाळी घरून निघताना वीस होती. तेहतीस ठेवायचे हे, ती वीसवर आली होती.” गेज लावला. पाहिला. पुन्हा लावला.

“चोवीस.”

तिने गेज आक्कांपुढे धरला.

“वाढलीय, आक्का. कुणी हात लावला नाही, काही नाही. तुमच्या दारात आली आणि वाढली. म्हणजे ह्यांनीच...”

आक्का अनवाणीच आल्या. गुडघ्यावर हात टेकून हळूहळू वाकल्या. चाकाच्या रबरावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. मग हेमलताचा हात धरला आणि तिथेच ठेवला.

भाजलं.

“गाडी काढायच्या आधीच का मोजायचे गं ते?”

हेमलताने हात मागे घेतला.

“सांगितलं असेल की तुला कधी.”

“म्हणायचे, गाडी चालून आली की मोजू नकोस, हेमा, आकडा चढलेला असतो. त्यातून हवा कमी असली तर विचारूच नकोस. गरम चाक खोटं बोलतं.”

आणि ती तिथेच धुळीत बसली. गेज हातातून घरंगळून चाकाखाली गेला. दिवाळीपासून लोकांपुढे ताठ ठेवलेली मान गुडघ्यांत गेली, ती कितीतरी वेळ वर आली नाही.

आक्का तिच्या शेजारी टेकल्या. पाठीवर हात ठेवला नाही. नुसत्या बसल्या.

ऊन चिंचेच्या बुंध्यावरून उतरलं...

“आज मुक्काम कर,” शेवटी त्या म्हणाल्या. “सकाळी मोज. निवलेल्या चाकाची. मग उद्यापन कर.”

“तोवर वीससुद्धा उरली नसेल.”

“नसेल.”

“आणि मग भरली, की ह्यांची कुठली आणि पंपावरची कुठली, ते मलाही कळायचं नाही.” हेमलताने तोंड वर केलं. “माझ्याजवळ ह्यांचं काय राहिलं मग, आक्का?”

आक्कांनी चाकाखाली हात घालून गेज काढला. पदराने पुसला. तिच्या ओटीत ठेवला.

“सकाळी जेवढी उरेल, तेवढी खरी.”