जावईबापूंची मोठी नांगी

खाडीला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या चिखलात खेकडे राहत. प्रत्येक नराची एक नांगी ढालीएवढी, दुसरी काडीएवढी. मोठी नांगी दाखवायला झकास, पण काही केल्या ती तोंडापर्यंत वळत नसे. जेवायचं ते धाकटीनेच. बायकांच्या मात्र दोन्ही नांग्या धाकट्या, म्हणून चारचौघांत धाकटीने खाणं पुरुषांना बायकी वाटे. ते आपले बिळात, पाठ फिरवून खात.

एकदा ओहोटीला नवा जावई सासरी जेवायला आला. सासूबाईंनी ताजा, मऊ चिखल वाढला. सासरे आणि तिघे मेहुणे मोठी नांगी उगारून ताठ बसले. जावईही तसाच बसला.

"घ्या ना, जावईबापू," सासरे म्हणाले.

"आधी तुम्ही, मामा."

"छे, माझं पोट गच्च आहे."

तेवढ्यात कुणाचं तरी पोट गुरगुरलं. सगळ्यांनी आकाशाकडे पाहिलं.

"अहो, भरती येतेय!" सासूबाई ओरडल्या. "आता नाही खाल्लंत, तर पुढच्या ओहोटीपर्यंत उपाशी!"

तरी कुणी हललं नाही.

मग आजेसासरे आले. अख्ख्या खाडीत सर्वांत मोठी नांगी त्यांची. ते बसले आणि धाकट्या नांगीने भराभर खाऊ लागले.

"आजोबा, त्या नांगीने?" जावई पुटपुटला.

"अरे, तोंड हिलाच सापडतं."

मग पाचही जणांनी धाकटी नांगी पुढे केली. "मी आपला आजोबांना सोबत म्हणून हं!" प्रत्येकाने बजावलं.

सोबत करता करता चिखल चारदा वाढावा लागला.