मिरीचं आपोआप दार

एका घराच्या परसदारी एक खुराडं होतं.
खुराड्यात पाच कोंबड्या राहायच्या. आणि एक पिल्लू.
पिल्लू काळं होतं. गोल होतं. त्याचं नाव मिरी.

मिरीला शेपूट होतं. म्हणजे तीन पिसं होती.

एका संध्याकाळी खुराड्याचं दार उघडं राहिलं.
मुंगूस आलं. झप्!
दोन पिसं नेली. एक उरलं.
जाताना मुंगूस म्हणालं, "उद्या येईन."
मुंगूस खोटं बोलत नाही.

मिरी रडली. चिंव चिंव चिंव.
मोठी कोंबडी म्हणाली, "रडतेस काय? एक आहे की अजून."

सकाळी मिरी निघाली. तुर तुर तुर.
हौसाकाकूंकडे गेली. खुराडं हौसाकाकूंचं. दारही त्याच लावायच्या. पण सध्या रोज संध्याकाळी बचत गटाची बैठक असायची. विषय पापडांचा. तो लवकर संपत नसे.

"काकू, काकू, आपोआप मिटणारं दार घ्या."

काकू म्हणाल्या, "बघितली गं दारं. दुकानात जाऊन आले. एक दार मोबाईलवर चालतं. महाग आहे. आणि बैठकीत मोबाईलला रेंज नसते."
"मग दुसरं?"
"दुसरं उजेडावर चालतं. अंधार पडला, की मिटतं. पण आपल्या परसात पंचायतीचा दिवा आहे. इथे अंधार पडतच नाही."
"मग तिसरं?"
"तिसरं घड्याळावर चालतं. वेळ झाली, की मिटतं. कोंबड्या घड्याळ बघत नाहीत. एखादी बाहेरच राहायची."

ती एखादी कोण, ते मिरीला कळलं.

काकू म्हणाल्या, "आपल्याला वजनाचं दार बरं. कोंबड्या दांडीवर बसल्या, की दांडी खाली. दांडी खाली, की दार खाली. सकाळी कोंबड्या उतरल्या, की दोरीला बांधलेला दगड दार वर ओढतो. वीज नको, मोबाईल नको. गरिबाला परवडतं."
"ते कुठे मिळतं?"
"मिळत नाही. करून घ्यावं लागतं. सुतारमामांना सांग जा."

मिरी निघाली. तुर तुर तुर.

"मामा, मामा, दार करा."
"का गं?"
"मुंगूस मला सोडेना!"

सुतारमामा म्हणाले, "करतो की. दांडी आहे. दोरी आहे. दगड तर गावभर आहेत. पत्रा नाही. भंगारवाल्या हमीदचाचांनी पत्रा दिला, की दार करतो."

मिरी निघाली. तुर तुर तुर.

"चाचा, चाचा, पत्रा द्या."
"का गं?"
"सुतार दार करेना.
मुंगूस मला सोडेना!"

हमीदचाचा म्हणाले, "देतो की. तेलाच्या डब्याचा चांगला पत्रा आहे. पण माझ्या हातगाडीचं चाक पंक्चर आहे. पत्रा न्यायचा कसा? तू उचलतेस?"
मिरीने पत्र्याकडे पाहिलं.
"नाही," ती म्हणाली.
"मग जा. शेवंताताईंनी पंक्चर काढलं, की पत्रा देतो."

मिरी निघाली. तुर तुर तुर.
शेवंताताईंचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक झाड, एक पंप आणि शेवंताताई.

"ताई, ताई, पंक्चर काढा."
"का गं?"
"भंगारवाला पत्रा देईना.
सुतार दार करेना.
मुंगूस मला सोडेना!"

शेवंताताई म्हणाल्या, "काढते की. पण घमेल्यात पाणी नाही. ट्यूब पाण्यात बुडवल्याशिवाय भोक दिसायचं कसं? विहिरीने पाणी दिलं, की पंक्चर काढते."

मिरी निघाली. तुर तुर तुर.

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी द्या."
"का गं?" विहीर म्हणाली. "का गं... का गं..." तिचा आवाज घुमतो.
"पंक्चरवाली पंक्चर काढेना.
भंगारवाला पत्रा देईना.
सुतार दार करेना.
मुंगूस मला सोडेना!"

विहीर म्हणाली, "देते की. पाणी भरपूर आहे. पण माझ्या दोरावर म्हैस बसली आहे. दोराशिवाय घागर खाली येणार कशी? म्हैस उठली, की पाणी देते. देते... देते..."

मिरी निघाली. फार लांब जायचं नव्हतं. म्हैस तिथेच होती.

"म्हैसबाई, म्हैसबाई, उठा."
"का गं?"
"विहीर पाणी देईना.
पंक्चरवाली पंक्चर काढेना.
भंगारवाला पत्रा देईना.
सुतार दार करेना.
मुंगूस मला सोडेना!"

म्हैस रवंथ करत होती. चाव चाव चाव. रवंथ संपेपर्यंत ती बोलली नाही.
मग म्हणाली, "उठते की. पण माझ्या कानात गोचीड आहे."
गोचीड म्हणजे एक छोटा किडा. तो चावतो आणि चिकटून बसतो.
"उठलं, की जास्त चावते. बसलं, की कमी चावते. म्हणून मी बसले. बगळ्याने गोचीड काढली, की उठते."

मिरी निघाली. तुर तुर तुर.
बगळा बांधावर उभा होता. एका पायावर.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, गोचीड काढा."
"का गं?"
"म्हैस जागची उठेना.
विहीर पाणी देईना.
पंक्चरवाली पंक्चर काढेना.
भंगारवाला पत्रा देईना.
सुतार दार करेना.
मुंगूस मला सोडेना!"

बगळ्याने दुसरा पाय खाली ठेवला.
म्हणाला, "पाठीवरची काढतो. पोटावरची काढतो. कानातली नाही."
"का?"
"माझी चोच बघ. केवढी लांब! कानात घातली, की म्हशीला गुदगुल्या होतात. ती मान हलवते. मी जाऊन पडतो चिखलात. मागच्या वेळी पांढरा गेलो होतो. काळा परत आलो."
"मग आता कोणाकडे जाऊ?"
"बारीक चोचीच्या कोणाकडे तरी जा."

मिरीने इकडे पाहिलं. कोणी नव्हतं.
मिरीने तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं.
मग मिरीने खाली पाहिलं. तिथे डबकं होतं. डबक्यात एक पिल्लू दिसत होतं. त्याची चोच फार बारीक होती.

"अच्छा," मिरी म्हणाली.

मिरी धावली. तुर तुर तुर!
म्हशीच्या पायावरून पाठीवर. पाठीवरून मानेवर. मानेवरून शिंगाजवळ.
"म्हैसबाई, मान हलवू नका."
"नाही हलवत."
मिरीने कानात डोकं घातलं.
टुच्!
गोचीड निघाली.
मिरीने ती खाल्ली. बरी होती.

म्हैस म्हणाली, "हाऽऽऽ."
आणि मग?

म्हैस जागची उठली.
विहिरीचा दोर सुटला. शेवंताताई घागर घेऊन आल्या. विहिरीने पाणी दिलं.
पंक्चरवालीने पंक्चर काढलं. बुड बुड बुड, तिथेच भोक होतं.
भंगारवाल्याने पत्रा दिला. गाडी निघाली. खडखड खडखड.
सुताराने दार केलं. ठक ठक, ठक ठक.

संध्याकाळ झाली.
सुतारमामांनी दार बसवलं. दांडी बसवली. दोरी ओवली. दोरीला दगड बांधला.
काकू बैठकीला निघाल्या होत्या. दार बघायला थांबल्या.
मामांनी विचारलं, "काकू, कोंबड्या किती?"
"पाच," काकू म्हणाल्या.
अंडी देते ती कोंबडी. काकू तेवढ्याच मोजतात. सगळेच तेवढ्याच मोजतात.

पाच कोंबड्या घरी आल्या. दांडीवर चढल्या.
एक बसली. दांडी जरा खाली. दार जरा खाली.
दुसरी बसली. तिसरी बसली. चौथी बसली.
पाचवी बसली. ती सगळ्यात जाड होती.
दार खाली आलं, खाली आलं, खाली आलं...
आणि थांबलं.

खाली थोडी फट राहिली. मुंगसाच्या डोक्याएवढी.

काकू म्हणाल्या, "मामा, हे काय?"
मामा म्हणाले, "दगड जरा जड झाला."
"मग बदला!"
"बदलतो. हलका दगड शोधावा लागेल."
"गावभर दगड आहेत म्हणालात ना?"
"आहेत. जड आहेत."

तेवढ्यात कुंपणात खसखस झालं.
मुंगूस आलं होतं. म्हणाल्याप्रमाणे.

आणि मिरी कुठे होती?
मिरी बाहेर होती. दिवसभर धावून दमली होती. सावकाश येत होती. तुर... तुर... तुर...

मोठी कोंबडी आतून ओरडली, "अगं मिरी, पळ!"

मिरी पळाली. तुर तुर तुर तुर तुर!
मुंगूस पळालं. झप झप झप!
मिरी फटीतून आत शिरली.
मुंगसाने फटीत नाक घातलं.
मिरीने उडी मारली. दांडीवर बसली. अगदी टोकाला. टुक्.

दांडी जरा खाली गेली.
मुंगसाने नाक काढून घेतलं. वेळेवर काढलं.
खट्!
दार मिटलं. पूर्ण मिटलं.


काकूंनी दाराकडे पाहिलं. मग मामांकडे पाहिलं.
मामा म्हणाले, "मी तिला धरूनच दगड निवडला होता."
काकू म्हणाल्या, "हो का?"
मामांनी हातोडी पिशवीत ठेवली.

मुंगूस दाराशी बसलं. थोडा वेळ बसलं.
"काल उघडं होतं," ते म्हणालं.
"आज मिटलंय," आतून कोंबड्या म्हणाल्या.
मुंगूस घरी गेलं.

काकू बैठकीला गेल्या. बैठकीत कोणीतरी विचारलं, "काकू, कोंबड्या किती तुमच्याकडे?"
काकू म्हणाल्या, "सहा."

आता रोज संध्याकाळी पाच कोंबड्या दांडीवर बसतात. दार खाली येतं. थोडंसं राहतं.
मग मोठी कोंबडी हाक मारते, "मिरीताई, या हो! तुमच्यावाचून अडलंय!"
मिरी म्हणते, "आले, आले. घाई कसली?"
तुर तुर तुर. टुक्.
खट्!

दार मिटलं. गोष्ट मिटली.
आता तुमचे डोळे मिटा.