सूर्यास्ताला सात गुण

“निरोप आला तेव्हा तू काय करत होतास?” गिरीबुवांनी विचारलं.

सबनीस गोंधळले. आल्याबरोबर बुवा समजुतीचे चार शब्द बोलतील असं त्यांना वाटलं होतं.

“काही नाही. रोजच्यासारखाच दिवस होता. लिस्बनला होतो. सकाळी दाढी केली, नाश्ता केला, तिथल्या एका टेकडीवर जाऊन बसलो. खाली नदी होती, समुद्राला मिळायच्या बेतात आलेली. त्या देखाव्याला किती द्यावेत ते ठरवत होतो.”

“किती दिलेस?”

“साडेआठ द्यावेत म्हणत होतो. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. हेमा घरी झोपेतच गेली म्हणाला.”

“मग?”

“मग... ते गुण राहिलेच.”

बुवांनी मान हलवली आणि चुलीवरचं आधण उतरवलं.

प्रभाकर सबनीस हे नाव परदेशी फिरायला निघणाऱ्या मराठी माणसांच्या तोंडी होतं. दर रविवारी ते वर्तमानपत्रात एका शहराबद्दल लिहीत आणि शेवटी त्याला दहापैकी गुण देत. ते गुण बघून लोक तिकिटं काढत.

ऐन विशीत हेच सबनीस संन्यास घ्यायचा म्हणून या मठात येऊन राहिले होते. “आधी जग पाहून ये. न पाहिलेलं काय सोडशील?” असं म्हणून बुवांनीच त्यांना घालवून दिलं. ते जग पाहायला गेले, ते पाहतच राहिले.

मठ तसाच होता. गावाबाहेरचा माळ, महादेवाचं लहानसं देऊळ, त्याला टेकून बुवांची खोली आणि ओसरी. दाराशी आपट्याचं झाड. त्याच्या फांदीला आज लाल फडक्यात बांधलेला तांब्याचा लोटा टांगला होता. आत येण्यापूर्वी सबनीसांनीच तो तिथं टांगला होता. अस्थी उंबऱ्याच्या आत आणत नाहीत.

“महिना झाला ना रे?” चहाचा पेला पुढं करत बुवा म्हणाले.

“उलटून गेला.”

“आणि अजून फांदीवरच?”

“त्यासाठीच आलोय, बुवा. मेव्हणा रोज फोन करतो. गोदावरीत सोडा आणि मोकळे व्हा म्हणतो. लेकीचंही तेच. पण हेमा माझ्याबरोबर जग फिरली. तिला सगळ्यांत जास्त आवडलं असेल, तिथलं पाणी तिला मिळायला हवं. निदान चिमूटभर तरी तिथं...”

“ने की. कोण अडवतंय? कुठलं आवडलं होतं?”

सबनीसांनी पेला खाली ठेवला.

“तेच माहीत नाही.”

“विचारलं नाहीस?”

“विचारायचो की! प्रत्येक ठिकाणी विचारायचो. ती म्हणायची, छान आहे. इस्तंबूल छान. समरकंद छान. एकदा एका आडगावात आमची गाडी बंद पडली. एक गॅरेज आणि समोर कोबीचं शेत. तेही छान! मी म्हणायचो, अगं, तुला तारतम्य म्हणून काही आहे की नाही?”

“मग ती काय म्हणायची?”

“म्हणायची, तुम्ही आहात ना त्याला.”

बुवा मोठ्यानं हसले. सबनीसांना हसू आलं आणि मध्येच तुटलं.

“तुम्ही सांगा, बुवा. मी गेली तीस वर्षं लोकांना सांगतोय कुठं जावं. आणि माझ्या बायकोला कुठं न्यायचं, ते मला सांगता येत नाही.”

“मला काय कळतंय? मी नाशिकच्या पुढं गेलो नाही. तूच सांग. ते इस्तंबूल कसं होतं?”

सबनीस सावरून बसले. आवाजात जुना भारदस्तपणा आला.

“इस्तंबूल. नऊ. दोन खंडांच्या मधून पाणी वाहतं, बुवा. संध्याकाळी घुमटांमागं ऊन उतरतं आणि सगळं शहर एकदम मधासारखं...”

“आणि हेमा?”

“हेमा? ती बोटीत होती. शेजारी एक म्हातारी बसली होती. हिची भाषा तिला येईना, तिची हिला. पण उतरताना म्हातारी हिचा हात सोडेना. डोळे पुसत होती. काय बोलल्या दोघी, देव जाणे.”

“आणि ते दुसरं?”

“समरकंद. साडेनऊ. माझं सगळ्यांत लाडकं. निळ्या फरशांच्या भिंती, आभाळापर्यंत. तो निळा आभाळालासुद्धा साधत नाही.”

“हेमा?”

“चपला काढून अंगणात उभी होती. म्हणाली, फरशी किती गार आहे, पाय टेकवून बघा.”

“टेकवलेस?”

“नाही... फोटो काढत होतो. उजेड चालला होता.”

बुवांनी चहाचा घोट घेतला.

“आणखी?”

“प्राग. पूल आहे एक, जुना, दगडी. दोन्ही कडांना पुतळे. आठ. गर्दीचा एक कापला.”

“हेमा?”

“ती पुलावर नव्हतीच. कुठं गेली म्हणून शोधतोय, तर खाली काठावर. म्हणाली, सगळे वरून बघतात, त्याला खालून कुणी बघायचं?”

सबनीस थांबले. पुतळ्यांबद्दल त्यांना आणखी सांगायचं होतं. पण एकही पुतळा आठवेना. आठवत होत्या त्या काठावरून वर येताना ओल्या झालेल्या तिच्या साडीच्या निऱ्या, आणि “अहो, हात द्या” म्हणून पुढं केलेला हात.



“तुझी नजर चांगली आहे, प्रभाकर,” बुवा म्हणाले. “पहिल्यापासून आहे. या देवळाचा कळस कललाय, हे एवढ्या वर्षांत गावातल्या एकाला दिसलं नव्हतं. तू आल्या आल्या सांगितलंस.”

“अजून तसाच आहे तो.”

“असू दे. आता मीही कललोय. शोभून दिसतो आम्ही.” बुवांनी पेला पालथा घातला. “आणि आम्हाला किती दिले होतेस रे?”

सबनीसांनी मान खाली घातली. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते हेमाला घेऊन इथं येऊन गेले होते आणि परतल्यावर मठाबद्दल त्यांनी लिहिलं होतं.

“बुवा, ते जाऊ द्या...”

“सांग की. लाजतोस काय?”

“सूर्यास्ताला सात.”

“आणि वाटेला?”

“तीन.”

“सरपंच कात्रण घेऊन धावत आला होता. म्हणाला, बुवा, घात झाला, आपण नापास!” बुवा पुन्हा हसले. मग हसणं ओसरलं. “त्या संध्याकाळी हेमा काय करत होती?”

“इथंच होती. तुमच्याशी बोलत बसली होती.”

“नंतर?”

“नंतर... मागं गेली होती. मागं बारव आहे असं तुम्हीच तिला सांगितलं होतंत.”

“हं.”

“तिथून तिनं मला हाक मारली. अहो, इकडं या, खाली पायऱ्या आहेत, आतून गार वारा येतोय. उतरू या का?”

“मग?”

सबनीसांनी खाली ठेवलेला पेला उगाच थोडा सरकवला.

“मग, प्रभाकर?”

“मी म्हटलं, बारवा काय, या भागात पैशाला पासरी. चल लवकर, सूर्यास्त जाईल.”

“आली?”

“आली. लगेच आली. माझ्याशेजारी उभी राहिली. सूर्य गेला. मी म्हटलं, सात. ती म्हणाली, छान आहे.”

मठामागून पारव्यांचं घुमणं ऐकू येत होतं. ते सकाळपासूनच चाललं असावं.

सबनीसांनी डोळे पुसले आणि हात जोडले.

“बुवा, एकदाच सांगा. गोदावरी की समरकंद? तुम्ही म्हणाल तिथं जातो. आयुष्यात पुन्हा काही विचारणार नाही.”

बुवा उठले. गुडघ्यावर हात रोवून, खांबाला धरून, हळूहळू. काठी भिंतीशीच राहिली. ते आपट्यापाशी गेले. फांदीवरची गाठ सोडवायला त्यांना वेळ लागला. सबनीस पुढं झाले, तर बुवांनी हातानंच त्यांना मागं सारलं. मग लोटा उपरण्यात घेऊन ते मठाला वळसा घालून चालू लागले.

“बुवा, कुठं निघालात?”

बुवा चालतच राहिले. सबनीस मागोमाग धावले. वळसा संपला तशी समोर जमीन एकदम खाली गेली होती. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, कोनाड्यांतून बसलेले पारवे, आणि खूप खाली, तळाशी, आभाळाचा एक हिरवट तुकडा पडल्यासारखं पाणी. सबनीस क्षणभर सगळं विसरून बघत राहिले.

बुवा पहिल्या पायरीवर उतरलेसुद्धा.

“अहो बुवा, थांबा! गाव हे पाणी पितं. इथं अस्थी सोडत नाहीत.”

“मला शिकव आता,” बुवा म्हणाले. “सोडतंय कोण?”

“मग?”

बुवांनी मागं वळून त्यांच्या पायांकडं पाहिलं.

“वहाणा काढ.”

सबनीसांनी वहाणा काढल्या. पायरीवर पाऊल ठेवलं. दगड गार होता, अंगभर चढेल इतका गार. खालून वारा आला.

बुवांनी उपरण्यातला लोटा काढून त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

“पण बुवा... जायचं कुठं, ते तुम्ही सांगितलंच नाही.”

“ते उद्या बघू,” बुवा म्हणाले. “हिला बारव दाखवायची राहिलीय.”