तीस पावलांवरचं लाल बटण

चित्रफिती मोठमोठ्या रिळांवर साठवीत असत, त्या काळी एका आरोग्यशिक्षण केंद्रात एक वृद्ध तंत्रज्ञ काम करीत असत. खेड्यापाड्यांतल्या परिचारिकांना शिकवण्यासाठी तिथे चित्रफिती तयार होत. त्या वृद्धांचं नाव कुणी घेत नसे; शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांच्या हाताखाली शालन नावाची एक तरुण मुलगी काम शिकत होती. तिची नेमणूक सहा महिन्यांची होती आणि ते सहा महिने आता संपत आले होते.

केंद्राच्या आतल्या दालनात कपाटाएवढी चार टेप यंत्रं होती. ती चालवायला प्रत्येकापाशी जाऊन उभं राहावं लागे, आणि त्यांच्या पंख्यांच्या घरघरीत मोठ्यानं बोलल्याशिवाय शेजारच्याला ऐकू येत नसे. म्हणून संचालकांनी ठरवलं, की काचेपलीकडच्या खोलीत एक पॅनल बसवावं आणि चारही यंत्रं तिथूनच चालवावीत. ते काम त्यांनी शालनवर सोपवलं. म्हणाले, "हे नीट चाललं, तर त्याच दिवशी तुमच्या कायम नेमणुकीवर सही करतो."

अकरा दिवस शालन जमिनीखालच्या नळीतून तारा ओढत होती. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना तिने क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधल्या, एकेक टोक डाख देऊन जोडलं. पॅनलवर चार यंत्रांच्या चार ओळी होत्या. प्रत्येक ओळीत पाच बटणं, सगळ्या ओळी सारख्या: पुढे, मागे, चालू, बंद, आणि शेवटचं लाल, रेकॉर्डचं.

अकराव्या दिवशी तिने पहिल्या ओळीतलं 'चालू' दाबलं. काचेपलीकडे, तीस पावलांवर, एक भलंमोठं रीळ थरथरलं आणि फिरू लागलं. आवाज काहीच आला नाही. नुसतं फिरणं. शालनने हात मागे घेतला आणि ती आपल्याच बोटाकडे पाहत राहिली.

"मास्तर, ते ऐकतंय."

"ऐकणारच. तू सांगितलंस ना."

"पण मी तर इथे आहे."

मास्तर हसले. "आमच्या घरी पहिल्यांदा विजेचा दिवा आला, तेव्हा मलाही असंच झालं होतं. तासभर लावत-विझवत बसलो. शेवटी आईनं कान धरला."

शालनने चारही यंत्रं एकदम चालू केली, एकदम थांबवली. एखाद्या मोठ्या देवळात शिरल्यावर बोलणं आपोआप हळू होतं, तशी ती गप्प झाली होती.

मग मास्तर पॅनलच्या मागे वाकले. खिशातून त्यांनी कटर काढला आणि चार लाल तारा एकामागून एक कटकन तोडल्या. कटर परत खिशात ठेवला.

"चल, चहा घेऊ."

"मास्तर, त्या रेकॉर्डच्या तारा होत्या."

"माहीत आहे. चष्मा लावूनच तोडल्या."

"उद्या साहेब येणार. सोळा बटणं चालतात आणि चार मेलेली आहेत, असं सांगू का त्यांना?"

"सांग, की रेकॉर्ड करायचं तर मशीनपाशी जावं लागतं."

"मग पॅनल बसवलं कशाला?"

"त्या सोळांसाठी," मास्तर म्हणाले आणि चहाला निघून गेले.

शालन तिथेच उभी राहिली. मास्तर म्हातारे झाले, जुनी सवय सुटत नाही, असं तिला वाटलं. मग वाटलं, आपल्या जोडणीवर त्यांचा भरवसा नसावा. हे दुसरं जास्त लागलं. मास्तर चहा घेऊन येण्याआधीच तिने डाख द्यायचं हत्यार तापवलं आणि चारही तारा पुन्हा जोडल्या. जोड इतके साफ बसले, की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी संचालक आले. बरोबर शिकाऊ परिचारिकांचा एक गट होता. तिसऱ्या यंत्रावर त्या दिवशी भीमाक्कांचं रीळ होतं. भीमाक्का डोंगरातल्या सुईण. पोटात आडवं आलेलं मूल त्या बाहेरून नुसत्या तळव्यांनी फिरवून सरळ करीत. गेल्या वर्षी त्या वारल्या. हयात असताना एकच दिवस त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या, आणि त्याचं हे एकच रीळ होतं. त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यायची, हेच त्या दिवशीचं प्रात्यक्षिक. मास्तरांनी रीळ स्वतः चढवलं होतं आणि रेकॉर्डचं बटण दाबायला ते काचेपलीकडे यंत्रांपाशी उभे होते.

शालनने तिसऱ्या ओळीतलं 'चालू' दाबलं. पडद्यावर एका बाईचं भरलेलं पोट दिसलं आणि त्यावर टेकलेले दोन काळे, सुरकुतलेले हात. खोलीत कुणी हललं नाही.

"हे इथूनच चालतं?" संचालकांनी विचारलं.

"हो साहेब. मधे कुणी नाही."

"आणि प्रत उतरवायची?"

"तीही इथूनच," शालन म्हणाली, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता तिने लाल बटण दाबलं.

पडद्यावरचे हात नाहीसे झाले. तिथे रंगीत उभे पट्टे आले.

"वा," संचालक म्हणाले. "रंगसुद्धा इथूनच येतात का?"

काही क्षण शालन नुसती पाहत राहिली. मग तिने आपल्या बोटाकडे पाहिलं. ते दुसऱ्या ओळीवर नव्हतं. तिसऱ्या ओळीवर होतं. तिने घाईने 'बंद' दाबलं. मागे परिचारिका टाळ्या वाजवीत होत्या. संचालकांनी फाईल उघडली आणि पेन काढलं.

काय झालं, ते त्या खोलीत कुणालाच कळलं नव्हतं. काचेपलीकडे मास्तरांना कळलं होतं. ते तिच्याकडे पाहत होते, पण त्यांनी मान हलवली नाही की हात केला नाही.

"साहेब, थांबा," शालन म्हणाली. "ते रंग यायला नको होते. ते यंत्राचे चाचणीचे पट्टे, मी ते भीमाक्कांच्या फितीवरच रेकॉर्ड केले. तेवढं पुसलं गेलं."

पेन जागीच थांबलं. "किती?"

"माहीत नाही. मास्तरांनी काल या तारा तोडल्या होत्या. मी त्यांना न विचारता पुन्हा जोडल्या."

सगळे यंत्रांपाशी गेले. तिथे पंख्यांची घरघर होती, गरम झळ अंगावर येत होती. तिसऱ्या यंत्रावर रिळाचा डबा ठेवलेला होता. मास्तरांनी तो उचलून शालनच्या हातात दिला. "वाच."

डब्यावर लिहिलं होतं: 'भीमाक्का. आडवं मूल. दुसरी प्रत नाही.'

मास्तर आवाज चढवून म्हणाले, "पोरी, तुझी जोडणी उत्तम होती. मी तारा तोडल्या, त्या तुझ्या हातावर भरवसा नव्हता म्हणून नव्हे. त्या खोलीत माझ्या हातावरही माझा भरवसा नाही. इथे उभं राहिलं, की रीळ दिसतं, डबा दिसतो, डब्यावरचं नाव दिसतं. बोट आपोआप अडखळतं. ते नाव त्या खोलीपर्यंत पोचत नाही. तिथे भीमाक्का म्हणजे तिसरी ओळ. चालू करणं, थांबवणं, मागे नेणं यात चूक झाली, तर पुन्हा करता येतं. ते खुशाल दुरून करावं. पुसलेलं मात्र परत येत नाही. त्यासाठी ही तीस पावलं मी राखून ठेवली होती. चालता चालता माणसाला आठवतं."

"मग हे मला कालच का नाही सांगितलंत?"

"ते माझं चुकलं," मास्तर म्हणाले. "तार तोडली आणि चहाला गेलो. तुझ्यापाशी थांबायला हवं होतं."

त्यांनी फीत मागे नेऊन चालू केली. यंत्राजवळच्या पडद्यावर भीमाक्कांचे हात आले. मग रंगीत पट्टे. शालनने मनातल्या मनात मोजलं, नऊ सेकंद. आणि पुन्हा हात. तळवे वीतभर खाली सरकले होते, आणि मघाशी आडवा दिसणारा पोटाचा आकार आता उभा झाला होता.

"फिरलं मूल," एक वयस्क परिचारिका शालनच्या कानाशी म्हणाली.

शालनची नजर पडद्यावरून हलेना. त्या नऊ सेकंदांत त्या तळव्यांनी काहीतरी केलं होतं. आधीचं दिसत होतं, नंतरचं दिसत होतं. मधलं आता जगात कुठेच नव्हतं. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढासा वेळ पुरला होता, आणि ती नाहीशी करायला एक बोट.

संचालकांनी फाईल मिटली. "शालनबाई, सही आज नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू."

"हो साहेब."

"आणि मास्तर, त्या लाल तारांचं काय?"

मास्तरांनी शालनकडे पाहिलं. तीच म्हणाली, "पॅनलवर सोळा बटणं चालतील, साहेब. रेकॉर्ड करायला इथे चालत यावं लागेल."

मग ती दुसऱ्या यंत्रापाशी गेली. तिथला डबा तिने हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तो कोरा होता. तेव्हा तिने यंत्रावरचं लाल बटण दाबलं, मास्तरांनी तिसरं यंत्र चालू केलं, आणि दोन्ही रिळं फिरायची थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही.

नातंही त्या फितीसारखंच, एकदा पुसलं की परत येत नाही; म्हणून 'यापुढे माझ्याकडे येऊ नकोस' असं आपल्याला कधी कुणाला कळवायचंच झालं, तर निदान त्याच्या दारापर्यंत चालत जावं.