मधल्या माचीचा नगारा

एका किल्ल्यावर रंगोजी नावाचा किल्लेदार होता. शिस्तीचा भारी शौकीन. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्यांच्या.

त्या वर्षी वरच्या माचीवर पाण्याचं टाकं बांधायचं होतं. त्यासाठी एक अवजड शिळा डोंगर चढवत होते. वरचे गडी दोराने ओढायचे, खालचे पहारींनी रेटायचे. दोघांनी एकाच क्षणी जोर लावला तरच ती हलायची. नाहीतर खालच्यांच्या अंगावर यायची. म्हणून वर, मध्ये आणि खाली असे तीन नगारे ठेवले होते.

किल्लेदार मधल्या माचीवर उभा राहून ऐकू लागला. वरचा आणि खालचा ठोका अगदी एकदम पडत होता. मधला नगारा वाजवणाऱ्या खेमाचा मात्र त्यांच्या अधेमधेच कुठेतरी.

किल्लेदार गोंधळला. त्याने वरच्या वाजवणाऱ्याला बोलावलं. "तुला खालचा नगारा ऐकू येतो?"

"नाही जी, मधे कडा आडवा येतो."

खालच्यानेही तेच सांगितलं.

"मग तुमचं जुळतं कसं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कुणास ठाऊक, सरकार. जुळतं खरं."

किल्लेदाराचं डोकं भणभणलं. ज्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही ते जुळतात, आणि ज्याला दोघांचंही ऐकू येतं तोच चुकतो! काहीच कळेना, तेव्हा त्याने खेमाला कामावरून काढलं. खेमा बिचारा टिपऱ्या कमरेला खोचून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी थोडा वेळ बरं चाललं. मग वरचे ओढायचे तेव्हा खालचे दम खायचे, आणि खालचे रेटायचे तेव्हा दोर सैल. "जोरात वाजवा!" किल्लेदार ओरडला. जोरात वाजलं, पण जुळेना. शिळा हातभर घसरली. भिवा नावाचा गडी बाजूला उडी मारून थोडक्यात वाचला.

किल्लेदार स्वतः खेमाच्या दारात गेला. "खरं सांग, तू चुकतोस की बरोबर वाजवतोस?"

"ते मला कुठं ठावं, सरकार? त्या दोघांचा ठोका ऐकला की मी माझा टाकतो. माझा ऐकला की ते त्यांचा टाकतात."

खेमा परत आला आणि संध्याकाळपर्यंत शिळा वर पोहोचली. त्याचा ठोका शेवटपर्यंत वेगळाच पडत होता, आणि किल्लेदाराला तो शेवटपर्यंत चुकीचाच वाटत होता. पण या वेळी त्याने तोंड उघडलं नाही.

तात्पर्य: जो सगळ्यांपेक्षा वेगळा चालतो, त्याला चुकीचा ठरवण्याआधी त्याच्यामुळे कोण कोण जोडलं गेलं आहे ते पाहावं.