मागच्याचा ओंडका

एका राज्यात हिवाळा आला आणि परत गेलाच नाही. त्या राज्याच्या उत्तरेला धवलखिंड होती, आभाळाला टेकलेली. माथ्यावर दगडी ओवरी आणि ओवरीत एक चूल. तिथली रीत अशी, की खिंड चढणाऱ्याने एक ओंडका पाठीवर न्यावा, आधीच्याने ठेवलेला जाळून शेकावं आणि आपला मागच्यासाठी ठेवावा. आपला ओंडका आपणच जाळायचा नाही.

राजा अरिमर्दन लढाई जिंकून त्याच खिंडीतून परतला. ओवरीत दहा ओंडके होते. त्याने एका मुक्कामात दहाही जाळले आणि ठेवला एकही नाही. "राजाच्या पाठीला ओझं शोभतं का?" असं वर विचारलंन. मोठा शहाणाच तो! दुसऱ्या दिवशी विसाजी वाटाड्या वादळात सापडून कसाबसा वर पोहोचला. चूल गार. त्याने आपला ओंडका चुलीपाशी ठेवला आणि त्याच्या शेजारी बसल्या बसल्या गोठून गेला.

शिखरावर हिमकेतू नावाचा मांत्रिक राहत असे. त्याने हे पाहिलं, त्या ओंडक्याचा दगड केला आणि खिंडीला शाप दिला. चैत्र आला, वैशाख आला, बर्फ पडतच राहिलं. मिठाचे तांडे अडले. आणि आजोळहून परतणारी राजकन्या मृगावती ओवरीत अडकली.

राजाने शंभर हत्तींवर लाकडं लादून पाठवली. हत्ती पहिल्याच वळणाला रुतले. तेव्हा एक पांढरी घार राजवाड्याच्या सज्ज्यावर येऊन बसली.

"राजा, तुझी लेक गळ्यापर्यंत बर्फाची झाली आहे. उद्या सूर्य बुडेल तेव्हा श्वासही गोठेल."

"उपाय सांग."

"ओंडका स्वतःच्या पाठीवर ने. वाऱ्यात मागे फिरू नकोस. धुक्यात हाक मारू नकोस. माथ्यावर तो पेटवू नकोस."

"मग पेटवणार कोण?"

"तुझ्या मागून येणारा," घार म्हणाली आणि उडून गेली.

शापाच्या खिंडीत पाऊल टाकील असं राज्यात एकच माणूस उरलं होतं, विसाजीची बायको कमळजा. तिला सगळी वाट पाठ होती. राजा तिच्या दारात गेला तेव्हा ती दोर वळत बसली होती.

"बाई, माझ्या मागून येशील?"

कमळजेने मान वर केली नाही. "महाराजांनी चढावं. माझं मी बघेन."

हा होकार की नकार, हे विचारायची राजाची छाती झाली नाही.

पहाटे तो निघाला. पहिल्या वळणावर वारा अंगावर आला. पागोटं गेलं, शेला गेला, ओंडका पाठीवरून निसटू लागला. राजा पोटावर पडला आणि नखं रोवून सरपटत पुढे गेला. दुसऱ्या वळणावर धुकं उतरलं. त्यातून मृगावतीचा आवाज आला, "आबासाहेब, इकडे! मला दिसत नाही!" वरच्या कड्यावर बर्फाचा ढिगारा लोंबत होता, एका हाकेसरशी कोसळला असता. राजाने मनगट दातांत धरलं. रक्त आलं, पण ओ दिली नाही. लेकीला ओ न देणं किती कठीण असतं, ते त्याला त्या वळणावर कळलं.

माथ्यावर मृगावती खरोखरच बसली होती, ओठांपर्यंत पांढरी. राजाने ओंडका चुलीपाशी ठेवला. कमरेला चकमक होती आणि हात पुन्हा पुन्हा तिकडेच जात होता. शेवटी त्याने ती दरीत भिरकावली, कारण स्वतःवर त्याचा भरवसा उरला नव्हता.

उन्हं कलली. वाटेवर कोणी दिसेना. सूर्याची कड डोंगराला लागली, तेव्हा बर्फावर पावलं वाजली. पाठीवर ओंडका घेऊन कमळजा ओवरीत आली. तिने दगड झालेल्या ओंडक्याकडे पाहिलं, मग राजाकडे.

"दहाच्या दहा कशाला जाळलेत?"

"थंडी वाजत होती."

"माझ्या घरधन्यालाही वाजत होती."

राजाने तिच्या पायांपाशी डोकं टेकलं. "मला इथेच राहू दे. तिला वाचव."

कमळजेच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते तिचं तिला ठाऊक. मग ती खाली बसली, कनवटीची चकमक काढली आणि राजाचा ओंडका पेटवला.

जाळ उठला तसा छताचं बर्फ गळू लागलं. खाली दरीत नदी वाहती झाल्याचा आवाज आला. दगडाचं पुन्हा लाकूड झालं. मृगावतीने डोळे उघडले आणि म्हणाली, "आबासाहेब, पाय बधिर झालेत."

कमळजेने आपला ओंडका रीतीप्रमाणे भिंतीशी ठेवला. राजा उंबऱ्याबाहेर जाऊन कुडकुडत उभा राहिला होता. आपण जाळाजवळ जावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"या," ती थोडी सरकून म्हणाली, "शेकून घ्या."