सांडव्यातलं कुंपण

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता, गावाचं नाव काय होतं, हे सांगणारेही विसरून गेले. तळ्याची आठवण मात्र राहिली.

डोंगराच्या पायथ्याशी हिरोजी नावाचा एक शेतकरी राहत असे. त्याच्या वडिलांनी स्वतःच्या जमिनीत, ओढ्यावर मातीचा बांध घालून तळं केलं होतं. बांधाच्या एका टोकाला खडकात सांडवा कोरला होता. तळं भरलं की जास्तीचं पाणी तिथून निघून जाई आणि बांधाला धक्का लागत नसे. म्हातारा दर पावसाळ्याआधी सांडवा साफ करी, बांधावरची रोपटी लहान असतानाच उपटी आणि घुशींची बिळं माती ठोकून बुजवी.

हिरोजी काही वाईट माणूस नव्हता. उन्हाळ्यात तो कुणाच्याही गुरांना तळ्यावर येऊ देई. त्याला लळा होता तो माशांचा. वडील गेल्यावर त्याने तळ्यात मासे सोडले. रोज सकाळी तो भाताची शितं घेऊन काठावर बसे आणि मासे त्याच्या बोटांशी येत. पहिल्याच पावसाळ्यात पुष्कळ मासे सांडव्यातून वाहून गेले, तेव्हा त्याच्या जिवाला फार लागलं. त्याने बाभळीच्या काट्यांचं दाट कुंपण सांडव्याच्या तोंडाशी घट्ट रोवलं. बसायला सावली हवी म्हणून बांधावर जांभळीही लावल्या.

वर्षं गेली. जांभळी वाढल्या, तळं देखणं दिसू लागलं. येणारेजाणारे कौतुक करीत आणि हिरोजी सुखावे.

बांधाच्या खाली चारपाच घरं होती. त्यातलं एक लखोबा कुंभाराचं. तो हिरोजीचा लहानपणापासूनचा सवंगडी. बांधाच्या पायथ्याशी थोडा पाझर होता. लखोबा चिखल मळायला तिथलंच पाणी नेई. एके दिवशी तो भरलेली घागर घेऊन थेट हिरोजीच्या अंगणात आला.

"हिरोजी, हे पाणी बघ."

"पाण्यात काय बघायचं?"

"इतकी वर्षं हा पाझर नितळ होता. आठ दिवस झाले, गढूळ येतोय. मी जन्मभर माती हाताळली रे. ही बांधाच्या पोटातली माती आहे. मुळांच्या आधाराने घुशींनी आत पोखरलंय. आणि सांडव्यातलं ते कुंपण आधी काढ. पाल्याने बुजलंय. मोठा पाऊस आला तर पाणी जाणार कुठून?"

हिरोजीचा चेहरा उतरला, मग तो चिडला. "कुंपण काढलं तर माझे मासे जातील. आणि बांध माझ्या वडिलांनी घातलाय, असातसा नाही. पोळा होऊ दे, मग माणसं लावतो."

लखोबा घागर उचलून निघून गेला. मित्र दुखावला, असं वाटून त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

पोळा झाला. मग मुगाची काढणी आली. मग हस्ताचा पाऊस सुरू झाला.

दोन दिवस तो थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी हिरोजी तळ्यावर गेला. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली होतं. सांडवा धो धो वाहायला हवा होता, पण तिथून नुसती धार गळत होती. पाला आणि फांद्या अडकून कुंपणाची भिंत झाली होती.

तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि दोन्ही हातांनी काटे ओढू लागला. हात रक्ताळले. कुंपण हललं नाही. इतक्यात मागे एक जांभूळ कलली आणि बांधाच्या उतारातून मांडीएवढ्या जाडीचा गढूळ लोट बाहेर पडला.

हिरोजी धावत सुटला. "लखोबा! पोराबाळांना घेऊन टेकाडावर चढा! बांध चाललाय!"

लोक टेकाडाकडे पळाले. लखोबा मात्र घरात शिरला. त्याची आई, भागाई, पायांनी अधू होती. हिरोजीही त्याच्यामागे गेला. दोघांनी म्हातारीला उचलून अंगणात आणलं, आणि पाणी आलं. लखोबाच्या हाती अंगणातल्या कडुलिंबाचं खोड लागलं, त्याने हिरोजीचा दंड धरला. भागाईचा हात हिरोजीच्या हातात होता. पण काट्यांनी फाटलेली त्याची बोटं नीट मिटेनात. याच म्हातारीने त्याला लहानपणी मांडीवर बसवून भाकरी भरवली होती. हात निसटला.

दोन दिवसांनी ती खालच्या शेतात सापडली.

हिरोजी लखोबासमोर जाऊन बसला. "मला शिव्या दे, मार," तो म्हणाला.

लखोबाने हात उचलला नाही. तो म्हणाला, "मी एकदाच सांगितलं. तू चिडलास म्हणून गप्प बसलो. पुन्हा सांगायला हवं होतं."

"असं नको रे बोलू," हिरोजी रडत म्हणाला. त्या शब्दांइतकं त्याला कुणाच्या शिव्यांनीही लागलं नसतं.

महिन्याभरात लखोबा उरलेलं सामान बैलावर लादून दुसऱ्या मुलखात निघून गेला. जाताना तो भांडला नाही, आणि परत कधी आलाही नाही.

हिरोजीने तो बांध पुन्हा घातला नाही. म्हातारपणी, कुठे कुणी तळं बांधल्याचं कानावर आलं की तो न बोलावता तिथे जाई आणि सांडवा मोकळा ठेवा म्हणून हात जोडी. कुणी ऐकत, कुणी हसत. घरी परतला की तो कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत बसे.

तात्पर्य: जो पाणी अडवतो, त्याने खाली राहणाऱ्यांचा जीव आपल्या हाती घेतलेला असतो, म्हणून त्याने बांधाची निगा उद्यावर टाकू नये.